तळपायातला प्रवासयोग

सबंध लोहारा तालुक्यात माझ्या सासऱ्यांनी न वाचलेला तीळ शोधून दाखवा, मी मिशी उतरवून देईन. माणसाचं नाव ते विसरतात, तीळ विसरत नाहीत. सास्तूरच्या बाजारात कुणी रामराम घातला, की आधी त्याची मान तिरकी करून कानामागं बघतात आणि ओळख पटल्यावरच, "बरं हाय का?" मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मला पोह्यांच्या आधी बनियनवर बसवलं होतं. पाठीवरून बोट फिरवत म्हणाले, "डाव्या खांद्यावर हाय. बायकोचं ऐकणार. पसंत!" कोण कुणाला बघायला आलंय, हेच माझ्या आईला कळेना. भविष्य मात्र बिनचूक निघालं.

त्यांचा स्वतःचा तीळ उजव्या तळपायावर. तळपायाला तीळ म्हणजे प्रवासयोग! यांचा प्रवास म्हणजे घर ते शेत आणि वर्षातून एकदा तुळजापूर. पण दोन वर्षांपूर्वी तीळ वाढायला लागला आणि मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) हरखूनच गेले. "तुरीएवढा व्हता तवा तुळजापूर झालं, जावईबापू. आता चिंचोक्याएवढा झालाय. म्हंजी इमानच की!" त्यांनी पासपोर्ट काढला, चाकांची बॅग आणली आणि सवय व्हावी म्हणून ती अंगणात ओढत फिरू लागले. कुठं जायचं विचारलं, तर म्हणायचे, "ते तीळ ठरवंल."

दिवाळीला गेलो, तेव्हा बायकोला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. मी मामांचा तळपाय उचलून बघितला. तीळ कसला, काळा-तपकिरी डाग तो, एका बाजूला पसरलेला, कडा वेड्यावाकड्या. "चप्पल चावली असंल," मामा म्हणाले. आम्ही हट्टानं त्यांना सोलापूरला, कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे, किती वाढला, रंग बदलला का? मामांची छाती फुगली. "हा माणूस विद्या जाणतोय," माझ्या कानात म्हणाले. मग डॉक्टर म्हणाले, "असा बदलणारा तीळ कॅन्सरचा असू शकतो. काढून तपासायला पाहिजे." मामांनी पाय झटकन मागं घेतला. "लई वर्सांनी योग आलाय, आन् तुमी त्योच कापायलाव व्हय? न्हाय जमायचं."

मी समजावलं, बायको रडली. मामा चप्पल शोधायला लागले. तेव्हा चारचौघांत त्यांच्याशी शब्द न बोलणाऱ्या सासूबाई उठून समोर आल्या. स्वतःच्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवून म्हणाल्या, "लग्नात ह्यो बघून काय म्हनला व्हता? जन्मभर सवाष्ण राहशील. मग आता खरं करून दाखवा."

मामांनी हळूच पाय टेबलावर ठेवला.

कॅन्सरच निघाला. पण वेळेत सापडला, सगळा काढला. दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. मामा आता भविष्य सांगत नाहीत, भेटेल त्याला विचारतात, "वाढलाय का? रक्त येतंय का? मग दवाखान्यात जा, बाबा." लोकांना आधीचे मामाच बरे वाटतात, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आम्ही सास्तूरला असलो, की रोज सकाळी बघतो. ओट्यावर बसून मामा सासूबाईंपुढं पाय करतात आणि लाजून रस्त्याकडं बघत बसतात. त्या चष्मा लावून दोन्ही तळपाय बोटांच्या बेचक्यांसकट तपासतात. तेवढा वेळ मामा श्वास रोखून असतात. मला ते बघवत नाही, मी पेपरात तोंड घालतो.

"काय न्हाय," सासूबाई म्हणतात. "घाला चप्पल."