चौऱ्याहत्तर नंबरचा दादा

१२ डिसेंबर २०२३, रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. कार्तिक अमावास्या, परळ, आमच्या इमारतीची गच्ची. त्या वेळी मी जे केलं ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — माझ्या मार्गदर्शकांना नाही, आईला तर मुळीच नाही. आणि पाहा, आताही ते बाजूला ठेवून मी आधी कॅटलॉगबद्दल बोलणार आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमधला एक गृहस्थ धूमकेतू शोधत असे. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे धूसर ठिपके त्याचा फार वेळ खात. म्हणून त्याने त्यांची यादी केली — कशाच्या नादी लागू नये याची. त्याचे धूमकेतू आज फारसे कोणाला आठवत नाहीत. त्या नकोशा ठिपक्यांसाठी मात्र आम्ही रात्री घालवतो. त्यांत तेजोमेघ आहेत, तारकागुच्छ आहेत, दीर्घिका आहेत. नंतरच्यांनी घातलेली भर धरून एकूण एकशे दहा. नाव एखाद्यालाच; क्रमांक सगळ्यांना. ते सगळे परळमधून, आठ इंची दुर्बिणीतून पाहायचे, असा माझा निश्चय होता. परदेशी फेलोशिपच्या अर्जात ते शोभून दिसलं असतं. महत्त्वाकांक्षा लपवण्यात काय अर्थ?

अडचण एकच — पाण्याच्या टाकीवरचा हॅलोजन. तो रात्रभर चालू असे. तो काही रात्री बंद ठेवावा म्हणून मी सोसायटीला रीतसर अर्ज केला. तीन पानी, आलेखासह. सेक्रेटरी सावंत काकांनी तो शेवटपर्यंत वाचला, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, "अंधारात कोणी टाकीला धडकून पडलं, तर तुझा तो फ्रेंच येणार आहे का बघायला?"

त्यानंतर एका संध्याकाळी लिफ्टमध्ये सावंत काकींनी सहज विचारलं, की वर मी एवढं बघते तरी काय. मी दमले होते — नाही, ही सबब झाली, मागे घेते. मी सांगितलं, की नाव नसलेले, नुसता नंबर असलेले मिणमिणते दिवे आहेत, अमावास्येला दिसतात, आपल्या उजेडाने झाकले जातात. ढोबळमानाने प्रत्येक शब्द खरा होता. त्यांचा मजला आल्यावर काकी दार धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे पितर?" आणि मी — भौतिकशास्त्रात संशोधन करणारी, शाळाशाळांतून ग्रहणाविषयीच्या अंधश्रद्धांवर व्याख्यानं देणारी — 'हो' म्हटलं.

पुढच्या अमावास्येला हॅलोजन बंद होता. तीन पानांनी जे साधलं नव्हतं, ते एका अक्षराने साधलं.

मग शंका येऊ लागल्या. दिव्यांच्या अवसेला काय करायचं? दिवाळीच्या अमावास्येचं काय? या विषयातली अधिकारी व्यक्ती इमारतीत एकच होती. मी निर्णय दिला — तेलाचा दिवा चालेल, विजेचा नाही. चतुर्दशी आणि प्रतिपदाही पाळलेली बरी, असंही मीच सुचवलं. याला लोभ नाही तर काय म्हणायचं?

आणि मग आली नंबरांची मागणी — प्रत्येक घराला आपापल्या पितराचा नंबर हवा होता. आमची इमारत जुन्या चाळी पाडून उभी राहिलेली. अलॉटमेंट म्हणजे काय, हे इथे प्रत्येक घराला नीट कळतं. कदमांनी तर तक्रारच केली, की शिर्क्यांच्या आजीला एवढा मोठा गुच्छ आणि आमच्या आजोबांना नुसता डाग? चाळीत ते सर्वांत जुने भाडेकरू होते. मी आजोबांना सदतीस दिला. सारथी तारकासमूहातला तो तारकागुच्छ. भरगच्च, नवख्यालाही चटकन दिसणारा. कदम समाधान पावले. आणि मला — खरं सांगू? — मजा येत होती.

काकींनी मात्र काही मागितलं नव्हतं. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचा मोठा भाऊ घरातून निघून गेला, तो परत आला नाही. दादाचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये असतो, आणि चाळीस वर्षं त्यांनी त्याला कोणाला हार घालू दिला नव्हता. उद्या इलो तर काय म्हणतलो, असं त्या विचारत. एक दिवस त्यांनी मला विचारलं, ज्याचं काही कळलंच नाही, त्यालाही नंबर असतो का. मी म्हटलं, चौऱ्याहत्तर. का? तो अजून कोणाला दिलेला नव्हता, इतकंच. मलाही तो कधी दिसला नव्हता. अख्ख्या कॅटलॉगात तो फिकटपणासाठी बदनाम आहे.

त्या कार्तिक अमावास्येला काकी दुखऱ्या गुडघ्यांनी शेवटचा जिना चढून वर आल्या. म्हणाल्या, दादाला बघायचंय. मी दुर्बीण मीन राशीकडे, चौऱ्याहत्तरच्या जागेवर लावली. काही नव्हतं, परळचं राखाडी आकाश तेवढं होतं. 'आज दिसत नाही' असं मी म्हणू शकले असते. आमच्या शास्त्रात ते वाक्य रोज म्हणतात. मी दुर्बीण सारथीकडे वळवली, आणि काकींना कदमांचे आजोबा दाखवले.

काकी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगो, हो एकटो नाय. सोबतीक बरीच मंडळी असत."

दुसऱ्या दिवशी दादाच्या फोटोला हार होता.

तेव्हापासून थंडीतल्या अमावास्येला काकी आणि कदम एकामागोमाग एकाच गुच्छाला हात जोडतात. कदम एकदा म्हणाले, तुमचा दादा अगदी आमच्या आजोबांसारखाच दिसतो हो. शेजारीच असणार, असं काकी म्हणाल्या. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी दुर्बिणीचा स्क्रू घट्ट करत होते. तो घट्टच होता.

मूळ कॅटलॉगातही एक डबल अलॉटमेंट आहे, बरं का. एकशे दोन म्हणजे नजरचुकीने पुन्हा नोंदलेला एकशे एकच, हे ज्याच्याकडून ती चूक झाली त्यानेच दोन वर्षांनी पत्र लिहून कळवलं होतं. मलाही दोन वर्षं होऊन गेली. मी विसाव्या मजल्यावर राहते आणि काकी एकोणिसाव्या. मला तर पोस्टाचीही गरज नाही. माझी चूक नजरेची होती, असं तरी म्हणता येईल का?

गेल्या पौष अमावास्येला समुद्राकडून वारा होता. हवा कधी नव्हे इतकी स्वच्छ. हॅलोजन अर्थातच बंद. आठ वाजून दहा मिनिटांनी, मीन राशीत, नजर किंचित तिरकी धरल्यावर एक डाग दिसला, गेला, पुन्हा तिथेच दिसला. आसपास कोणीही नव्हतं. काकींना वर बोलवावं म्हणून मी मोबाइल काढला, आणि त्यावर नुसती नोंद केली : ७४.