मोकळी ठेवायची खुर्ची

हरीकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकतीच वीजबिलाच्या रांगेतून हात हलवत ठाण्याच्या घरी परतले होते. माझा नंबर आला आणि खिडकी बंद झाली. आतल्या माणसाशी जे भांडायचं राहून गेलं होतं ते मी स्वयंपाकघरात भांड्यांशी भांडत होते. फोन डोंबिवलीहून, माहेरच्या शेजारच्या शैलावहिनींचा होता. "अगं, काका गेले. आज सकाळी. अर्धा चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि..." मग म्हणाल्या, "खुर्ची काढायला वेळच मिळाला नाही गं." परक्या कुणी हे वाक्य ऐकलं असतं तर बाईंना दुःखाने काही सुचत नाहीये असंच वाटलं असतं. मला ते पुरतं कळलं, आणि मी बिलाचा कागद हातात तसाच धरून रडले.

आमची इमारत डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मधली, तीन मजल्यांची. बिल्डरने लिफ्टचं कबूल केलं होतं आणि त्यासाठी जिन्याशेजारी एक उभी पोकळी ठेवली होती. चौदा वर्षं त्या पोकळीत आमच्या सायकली राहिल्या. सकाळचे नऊ वाजले की इमारतीतले सगळे कमावते पुरुष मुंबईला गेलेले असायचे. मागे उरायच्या बायका, पेन्शनर आणि शाळेला दांडी मारलेली मुलं. तळमजल्यावर हरीकाका राहायचे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, जन्म होडीवर काढलेला माणूस. पुढे खाडीचं पाणी काळं झालं, जाळ्यात मासा येईना, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. आम्ही राहायला आलो तेव्हा ते रिटायर होऊन दाराशी जाळी विणत बसलेले असत. होडी नसताना जाळी कशाला, असं मी एकदा विचारलं. "हातांना कोन सांगनार?" म्हणाले.

काकी वारल्या ते आमच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केला, तर गाडी आहे पण ड्रायव्हर नाही. थोड्या वेळाने परत केला, तर ड्रायव्हर आला होता पण गाडी गॅरेजला गेली होती. दवाखाना रुळांच्या पलीकडे. रिक्षा मिळाली, पण ती फाटकाशी अडकली, आणि एकामागून एक गाड्या जातच राहिल्या. शेवटी चौघांनी काकींना चादरीत घालून पादचारी पुलावरून नेलं. चादरीची झोळी झाली होती आणि काकींचा श्वास आणखीच कोंडला. डॉक्टर म्हणाले, बसवून आणायला हवं होतं. महिन्याभरानंतर काकांनी भंगारवाल्याकडून हातांची एक जाडजूड सागवानी खुर्ची आणली. तिचा फाटका वेत काढून टाकला आणि बैठक जाळ्याच्या दोरीने विणून काढली. दोन्ही बाजूंना हाताखालून एकेक लांब बांबू घातला, चार ठिकाणी कोळी गाठ मारली, आणि पेशंट पुढे घसरू नये म्हणून पलंगाच्या नवारीचा पट्टा लावला. "आता कोनाला चादरीतनं न्याचं नाय," एवढंच म्हणाले. काकींबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढं एकच वाक्य.

आधी आम्ही हसलो, हे कबूल करायला हवं. तालमी व्हायच्या ना! रविवारी सकाळी एखाद्या धडधाकट माणसाला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं. खालच्यांनी बांबू खांद्यावर घ्यायचे, वरच्यांनी वाकून गुडघ्याशी धरायचे, म्हणजे खुर्ची सपाट राहते. काका पायऱ्या मोजायचे. नऊ पायऱ्या झाल्या की जिन्याचं वळण यायचं. तिथे ते ओरडायचे, "बंदर आलं!" की सगळ्यांनी थांबून श्वास घ्यायचा. तीन मजल्यांना सहा बंदरं. पण वर्षभरात त्या खुर्चीतून शेजारच्या इमारतीतली एक बाळंतीण गेली, पाय मोडलेले एक मास्तर गेले आणि कावीळ झालेला एक कॉलेजकुमार गेला. तिघेही आपल्या पायांनी परत आले, आणि मग हसणं बंद झालं. खुर्ची जिन्याखाली असायची. तिचा नियम एकच : तिच्यावर काहीही ठेवायचं नाही. मी एकदा बाजारातून येऊन भाजीची पिशवी टेकवली, दोन मिनिटांसाठी. काकांनी ती उचलून माझ्या हातात दिली. "बाय, ही मोकली ठेवाची." मला राग आला. केवढं ते स्तोम एका खुर्चीचं, असं मी वर, आमच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन आईला म्हटलंसुद्धा.

आईला दमा होता. पावसाळा संपताना तो हमखास उचल खायचा. हे सगळं ठाऊक असूनही त्या वर्षी इमारतीच्या गणपतीला आसन म्हणून खुर्ची वापरायची कल्पना निघाली ती माझ्या डोक्यातून. सजावट माझ्याकडे होती. मी तेवीस वर्षांची, शाळेत नुकतीच शिकवायला लागलेली, त्यामुळे अक्कल मला सगळ्यांपेक्षा जास्त. खुर्ची मजबूत होती आणि उंचीला बरोबर. वर जरीचं कापड टाकलं की काम झालं. बांबूही सोडवून पडद्याला लावले. काका म्हणाले, "दुसरं कायतरी बघा." मी म्हटलं, "काका, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे." त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता, भांडायची ताकद नव्हती. देवाचं काम म्हटल्यावर त्यांनी हट्ट सोडला.

तिसऱ्या दिवशी, गणपतीची सुट्टी म्हणून मी घरी असताना, अकराच्या सुमारास आईला धाप लागली. पंप घेतला, गोळी घेतली, पण उतार पडेना. तिचे ओठ काळसर दिसायला लागले तशी मी जोशीकाकूंकडे धावले, इमारतीतला एकमेव फोन त्यांचा. तो आठ दिवसांपासून बंद होता, तक्रार नोंदवली होती, लाइनमन येणार होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. गाडी होती, ड्रायव्हरही होता, फक्त दोन्ही एका मोर्चात अडकले होते. मी जिन्याखाली धावले. जिन्याखालची जागा रिकामी होती. खुर्ची समोर मांडवात होती आणि तिच्यावर गणपती बसला होता.

प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेआधी हलवायची नाही, हे काय कुणी सांगायला हवं? जोशीकाकू तर सोवळ्याओवळ्याच्या इतक्या काटेकोर की त्यांच्याकडे पाहायचीच भीती वाटली. तेवढ्यात काका भिंतीला धरून बाहेर आले. माझं तोंड पाहून त्यांना सगळं कळलं. एका शब्दानेही, मी सांगितलं होतं की नाही, असं म्हणाले नाहीत. मूर्तीपुढच्या सतरंजीवर ते मांडी घालून बसले, हात जोडले आणि म्हणाले, "बाप्पाला माजे मांडीवर द्या. सांजचे गुरुजी आले का इचारू कुठं बसवाचा त्याला. तवर मी हाय."

जोशीकाकूंनी क्षणभर डोळे मिटले. मग पदर खोचला, "देवा, माफ कर रे बाबा," म्हणाल्या आणि मूर्तीला पहिला हात त्यांनीच लावला. आम्ही दोघींनी मूर्ती उचलून काकांच्या मांडीवर ठेवली. शैलावहिनी आणि भांडी घासायला आलेली कमल पडद्याचे बांबू ओढून काढत होत्या. पण ते बांधणार कोण? गाठ फक्त काकांना येत होती आणि काकांचे दोन्ही हात गणपतीभोवती होते. "तू बांध," ते मला म्हणाले. मला रडूच आलं. "कनाला रडतेस? माजेकडं बघ. एक वेढा खालशी. आता वरशी. टोक मदनं काढ... नाय, त्या बाजूनं. आता वढ. अजून वढ." अशा चार गाठी मी मारल्या. त्या सुटतील असंच मला वाटत होतं.

आईला खाली आणलं ते आम्ही चार बायकांनी. कमल आणि मी पुढे, बांबू खांद्यावर घेऊन. मागे वाकलेल्या जोशीकाकू आणि शैलावहिनी. पुरुषांच्या तालमी बघून बघून शिकलेलं तेवढंच भांडवल. पहिल्या वळणाच्या जरा आधीच आमची पावलं चुकली, खुर्ची कलली, आईने माझा दंड घट्ट धरला. आणि खालून काकांचा आवाज आला. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, नुसत्या पावलांच्या आवाजावरून ते मोजत होते. "सात... आठ... नऊ. बंदर आलं! थांबा. दम घ्या." आमची पावलं त्या आवाजावर पडायला लागली. सहावं बंदर लागलं तेव्हा आम्ही मांडवात होतो, आणि मांडीवर गणपती घेतलेले काका आईला म्हणाले, "जा वैनी, बिनधास जा."

पुढे गल्ली, मग पूल. पुलाच्या पायऱ्या मी मोठ्याने मोजल्या. जोशीकाकूंना मध्येच दम लागला तेव्हा समोरून येणाऱ्या एका अनोळखी माणसाने हातातली बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि काही न विचारता बांबूखाली खांदा दिला. फाटक नेहमीप्रमाणे बंद होतं आणि त्यापाशी रिक्षांची रांग हॉर्न वाजवत उभी होती. ते सगळं आम्ही पुलावरून बघितलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर अर्ध्या तासाने आईच्या ओठांवर रंग आला. तिचं पहिलं वाक्य होतं, "गॅस बंद केलास ना?" मला हसू आलं, आणि हसताहसता मी भिंतीला टेकून खालीच बसले. गाठी चारही शाबूत होत्या.

संध्याकाळी बाबा आईजवळ आले तेव्हा मी आणि कमल खुर्ची घेऊन परतलो. लांबूनच आरती ऐकू आली. मांडवात ऑफिसातून आलेले सगळे पुरुष टाळ्या वाजवत उभे होते आणि मधोमध, सकाळी बसले होते त्याच जागी, तसेच, हरीकाका. मांडीवर गणपती. कुणी पाट आणला होता, कुणी टेबल, पण गुरुजी येईपर्यंत त्यांनी मूर्ती दिली नव्हती. ऑपरेशन झालेला माणूस सात तास एका जागी बसून होता! गुरुजींना आरतीनंतर सगळं सांगितलं. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "देवाची काही तक्रार दिसत नाही." जोशीकाकूंच्या चौरंगावर त्यांनी मूर्ती बसवली. काकांचे पाय इतके बधिर झाले होते की दोघांनी धरून उभं करावं लागलं. मी खुर्ची पुढे केली, तर मागे सरले. "नाय, ती पेशंटची." मग विचारलं, "आईस कशी हाय?" मी म्हटलं, "बोलतेय, काका. माझं चुकलं." ते म्हणाले, "गाठी दाखव." खाली वाकून त्यांनी चारही गाठी बोटांनी चाचपल्या. तीन सोडून पुन्हा बांधल्या. चौथी तशीच ठेवली. "ही बरी जमलीय. राहू दे." आयुष्यात मला प्रशस्तिपत्रं मिळाली ती कपाटात कुठेतरी आहेत. हे एवढं एक पाठ आहे.

आई त्यानंतरही पावसाळ्यामागून पावसाळे काढतेय आणि अजून गॅसची चौकशी करतेय. माझं लग्न होऊन मी ठाण्याला गेले. सायकली निघून पोकळीत एकदाची लिफ्ट आली, आणि बहुतेक वेळा तिच्यावर 'बंद आहे' अशी पाटी असते, त्यामुळे खुर्चीला निवृत्ती अशी मिळालीच नाही. गेल्या हिवाळ्यात मी माहेरी गेले असताना काकांनाच न्युमोनिया झाला. फाटक बंद होतं, ते काही बदललेलं नाही. काका पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. मी हट्टाने पुढचा डावा बांबू घेतला. पुलाच्या मधल्या सपाटीवर आम्ही थांबायच्या आधीच छातीत घरघर असलेला तो माणूस पट्ट्यावरून मान वर काढून म्हणाला, "बंदर आलं... दम घ्या." त्याही वेळी खुर्चीने कुणाला अर्ध्यात सोडलं नाही. काका दहा दिवसांनी पायी घरी आले, त्यांना अजून काही महिने मिळाले, आणि ते त्यांनी जाळं विणण्यात घालवले.

आता श्रावण आहे. परवा मी डोंबिवलीला गेले होते. काकांच्या दाराला कुलूप आहे. जिन्याखाली खुर्ची होती, पुसलेली, नवारीचा पट्टा नवा. शैलावहिनींची सून म्हणाली, इमारतीतल्या मुलींनी तालमी पुन्हा सुरू केल्यात, रविवारी, आणि गाठ दाखवायला तुम्ही याल का? मी येईन म्हटलं. ती चहा टाकायला वर गेली तेव्हा लिफ्ट बंदच होती. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि सवयीने पर्स खुर्चीवर टेकवली. माझी गाठ समोरच होती, काळपट, घट्ट. मी पर्स उचलली आणि मांडीवर घेऊन बसले.