आईच्या जन्माचा साक्षीदार

वडील गेल्यावर, अमेरिकेचा नागरिक झालेल्या माझ्या थोरल्या भावाने आईला कायमचं तिकडे नेण्यासाठी अर्ज केला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी डहाणूत शाळेत शिकवत होते, म्हणून कागद गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. आईचा जन्म तलासरीकडच्या खेड्यात, घरीच झालेला. कचेरीने ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला दिला. आता तिचा जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

आईला घेऊन मी बोर्डीला मामाकडे गेले. मामा निवृत्त मुख्याध्यापक. सत्य आणि त्याग यांवर बोलत मुलांना उन्हात ताटकळत ठेवणारा. झोपाळ्यावर बसून त्याने मसुदा वाचला, माझं शुद्धलेखन सुधारलं आणि आतून स्वतःचा एक कागद आणला. वडिलोपार्जित शेतावरचा हक्क आईने सोडावा, असा.

“तू तर आता परदेशी चाललीस,” तो आईला म्हणाला. “आधी तू सही कर, मग मी करतो.”

“आणि नाही केली तर, दादा?”

“तर तुझा जन्म कधीचा, ते मला नीट आठवत नाही.”

एवढा हलकटपणा इतक्या शुद्ध मराठीत मी कधी ऐकला नव्हता. आईने चहा तसाच ठेवला आणि उठली.

रानशेतला तिची थोरली बहीण होती. गुडघ्यांनी बेजार, म्हणून तिला त्रास द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. आमचं ऐकून ती लुगडं बदलायलाच उठली. डहाणूच्या कचेरीत तिने साहेबांना सांगितलं, “हिच्या वेळी सुईणीला बोलवायला मीच पळाले होते.” मग अंगठा उठवला.

व्हिसा मिळाला. आई गेली, पण थंडीला कंटाळून वर्षाच्या आत परतली आणि तलासरीला जाऊन शेताच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लावून आली. बहीण परदेशात जाऊन संस्कार विसरली, असं मामा नात्यात सांगत फिरला.

पुढे माजी विद्यार्थ्यांनी त्याचा सत्कार ठेवला. भाची आणि शिक्षिका म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी आईबरोबर बिरड्याचे वाल सोलत बसले.