आईच्या दुखन्याच्या बातम्या

माह्या आईले कॅन्सर झाला तवा मी बारावीत होती. डावी छाती काढली, किमो झाले, रेडिएशनचे शेक झाले, केस गेले अन् पुन्हा आले, पहिल्यापेक्षा कुरळे. डॉक्टर मॅडम म्हनल्या, आता काई नाही, सहा-सहा महिन्यानं दाखवत जा. आमी नागपूरवरून आमच्या गावाले, नेरले परत आलो. सगळ्यायले वाटलं, संपलं. आईचं तेथूनच सुरू झालं.

कारन त्याच्यानंतर तिले जे दुखलं ते साधं दुखलंच नाही. पहिले डोकं दुखलं तं बाम चोळून ती भाकरी थापे. आता डोकं दुखलं का ते मेंदूत गेलं. खोकला आला का फुफ्फुसात. कपाशी वेचून आलेल्या बाईची कंबर दुखनारच, आमच्याकडे कोनाची दुखत नाही? पन आईची कंबर दुखली म्हनजे हाडात उतरलं.

मंग तिनं सोताच्या डोक्यानं एक तपासनी काढली. जेथं दुखे तेथं पहिले सोताले दाबे, मंग मले बोलावे अन् माह्या अंगावर नेमकी तीच जागा दोन बोटानं कचकन दाबे.

"दुखते का?"

मी दुखते म्हटलं का तिचा चेहरा मोकळा होये. म्हनजे हे सगळ्यायलेच दुखते, रोगाचं नाही. जागा कोनतीही असो, तेवढ्या जोरानं दाबल्यावर म्हशीलेही दुखलं असतं. पन आईचा इश्वास होता. माह्या अंगावर दिवसाचे दोन-तीन निळे डाग पडत.

मी लहानपनापासून नकला करते. शाळेत हेडसरची नक्कल केली अन् मांगं हेडसर उभे होते, तरी पुरी करूनच थांबली. तं घरात असा माल रोज तयार होत असताना मी सोडनार थोडीच. बाबाचं टॅक्टर दुरुस्तीचं दुकान हाय. ते संध्याकाळी चहा पिता पिता इचारत, "आज कोनता पार्ट गेला वं?" अन् मी पाट घेऊन समोर बसे.

"नमस्कार. आजच्या ठळक बातम्या. डाव्या खुब्यातली कळ तिसऱ्या दिवशीही कायम. पाठीच्या वरच्या भागात ढगाळ वातावरण. काखेत गाठ असल्याच्या अफवेवर नागरिकांनी विश्वास ठेवू नये, असं आवाहन टॅक्टर दुकानदारांनी केलं आहे."

बाबाच्या बशीतला चहा लुंगीवर सांडे. आईही हसे. हे सांगून ठेवते, कारन पुढं माह्या बाजूनं सांगासारखं काई नाही. पहिले पहिले हसे ती.

मंग शेजारची काकू. आमची अन् तिची भिंत एकच. काकू रोगाचं नाव घेत नाही, 'ते' म्हनते. आईनं खुबा दुखते म्हटलं का काकू मान हलवून म्हने, "आमच्या माहेरच्या एकीचंही 'ते' असंच खुब्यापासून सुरू झालतं वं. चार महिने. बस." मी काकूचीही नक्कल करे. ते 'बस' म्हनताना तिची हनवटी गळ्यात जाते, तेवढं जमलं का बाकीचं आपोआप येते.

कपाशीच्या दुसऱ्या वेच्याच्या दिवसातली गोष्ट हाय. डाव्या हातानं वजन उचलू नका असं आईले सांगतलं होतं, तरी ती कमरेले ओटी बांधून कापूस वेचाले गेलतीच. दुपारी सगळ्या बाया आमच्या आंगनात पानी प्याले बसल्या. सहा-सात जनी, त्यात काकूही. आई खुबा धरून माह्याकडं आली अन् सगळ्यायच्या समोरच माह्या खुब्यावर दोन बोटं दाबली.

"इथं दुखते का?"

दुखलं. लय दुखलं. पन मले समोर बसलेल्या बाया दिसल्या.

"नाही बा," मी म्हटलं. "मले तं काईच नाही."

तिनं आणखी जोरानं दाबलं. माह्या डोळ्यात पानी आलं, पन तोंड मी तसंच ठेवलं.

"नाही दुखत वं आई."

तिनं हात काढून घेतला. ओठ खाली लोंबला. बोटं तशीच हवेत राह्यली, जशी कुनाची वाट पाहून राह्यली. कोनतीही गंमत किती ताणाची हे मले पक्कं समजते, मी तेवढी ताणली. मंग तिच्यासमोरच उभी राहून तिचाच चेहरा केला. तोच ओठ, तेच बोटं.

बाया हसून फुटल्या. एक म्हनली, "हुबेहूब वं बाप्पा." काकूले तं ठसका लागला.

"अवं दुखलं," मी म्हटलं. "लय दुखलं. गंमत केली."

"हो का," आई म्हनली. पदराले हात पुसला अन् पोहऱ्यात पानी घ्याले गेली.

त्या दिवसापासून आईचं दुखनं बंद झालं. बाबानं पार्टचं इचारलं तं म्हने, "सगळे चालू हायेत." बाबा खूश. "पोरीनं एका दिवसात बरी केली," असं ते दुकानातल्या मानसायलेही सांगत. माह्याजवळ बातम्या उरल्या नाही. मंग मी पाह्याले लागली. मोरीतून उठताना ती भिंतीले धरून तीन हप्त्यात उठे. डावा पाय पहिले टाके अन् दातातून श्वास घे. मी इचारलं, "आई, खुबा कसा हाय?"

"कोनता खुबा?"

नागपूरच्या तपासनीले आणखी दोन महिने होते. ते खरंच परत आलं असलं तं हे दोन महिने फुकट जाऊन राह्यले, अन् ते माह्यापायी जाऊन राह्यले, हे मले समजत होतं. बाबाले सांगतलं. ते म्हनले, "आता तू नको सुरू करू." मी लवकर चाल म्हटलं तं आई म्हने, "कायले? मले काय झालं?"

शेवटी तारखेलेच गेलो. मॅडमनं फाईल पाह्यली अन् इचारलं, "काही त्रास? कुठे दुखतं का?"

"नाही मॅडम," आई म्हनली. "सगळं बरं हाय."

"खोटं बोलून राह्यली," मी म्हटलं.

आईनं माह्याकडं पाह्यलंही नाही. मॅडम म्हनल्या, "मग तू सांग."

"खुबा दुखते तिचा."

"कसा दुखतो? बसताना, उठताना? खाली उतरतं का?"

मले माह्या आवाजात सांगताच येत नोतं. माह्याजवळ जे होतं ते सगळं तिच्या आवाजात होतं. मी उभी राह्यली. भिंतीले हात लावला, डावा पाय पहिले, दातातून श्वास. "स्स. मांडीलोक उतरते वं. मुंग्या येतात. बसली का उठू नाही वाटत." मॅडम लिहून घेत होत्या. बाजूले दोन शिकाऊ डॉक्टर पोरी उभ्या होत्या, त्यातली एक खुदकन हसली. दुसरीनं तोंडावर हात ठेवला.

तेथं थांबाले पाहिजे होतं. मी त्यायच्याकडं तोंड केलं अन् पुन्हा केलं, आणखी मोठं. वरतून काकूही टाकली, हनवटी गळ्यात घालून. "चार महिने. बस."

"पुरे," मॅडम म्हनल्या.

आई समोरच्या भिंतीकडं पाहून राह्यली होती. भिंतीवर काईच नोतं. मॅडमनं तिले पलंगावर झोपवून खुबा दाबला तं ती अशी ओरडली का त्या दोन पोरी हसाच्या थांबल्या. लगेच स्कॅन लिहून देलं.

रिपोर्ट येतपर्यंतचे दोन दिवस आमी नागपूरले एका नातेवाईकाकडं काढले. आई त्यायची मेथी निवडत बसली. मी काई खाल्लं नाही, अन् कोनाची नक्कलही केली नाही.

रिपोर्ट चांगला निघाला. मॅडम म्हनल्या, "कॅन्सर नाही. दुखतं कशाने ते यात दिसत नाही. कधी कधी नाही दिसत." मी बाहेर येऊन बाकावर रडली. आईनं रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला अन् मी उठेपर्यंत बाजूले उभी राह्यली.

बस यवतमाळले थांबली तं तिनं मले समोसा घेऊन देला. मी खाऊन राह्यली होती तवा म्हनली, "त्या पोरी हसल्या त्याच्यानंतर तू पुन्हा काहून केलं?"

"मॅडमले नीट समजावं म्हून."

"मॅडम तं खुर्चीवर बसल्या होत्या," आई म्हनली. "तुह्यं तोंड तिकडं होतं का?"

मी समोसा हातात धरून बसली. ती म्हनली, "खाय, थंडा होते."

आता तिचा खुबा दुखतेच. मले कोनी सांगतलं नाही, भिंतीतून ऐकू येते. दुपारी आई काकूकडं जाते. "आज मांडीलोक आलं वं," म्हनते. काकू तिले माहेरच्या मेलेल्या बाया सांगते, एकीमांगं एक, तरी ती रोज तिच्याचजवळ जाते. मंग काकूच्या कुंपनाले धरत धरत येते, डावा पाय ओढत. आमच्या दारात मी दिसली का कुंपन सोडते अन् सरळ चालते.

"दुखून राह्यलं का आई?"

"नाही," म्हनते. "भाजी काय करू?"