नाचणीच्या बाटलीचा पंचनामा

सुरुवातीलाच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. स्वभाव नाही आणि पोटापाण्याचा धंदाही तसा नाही. मी एका विमा कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटला आहे. मृत्यूचा दाखला जोडल्याशिवाय आमच्याकडे माणूस मेलेलाच धरत नाहीत... तो भूत झाला वगैरे तर फार पुढचं. इथे लोक लिहितात ते भुताटकीचे अनुभव मी चहा पिताना वाचते आणि प्रत्येकावर मनातल्या मनात 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारते. तरीही आज स्वतःचा लिहितेय. हसू आलं तर खुशाल हसा. आम्हीही हसतो — आता.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. मीरा रोड, शांती नगर. चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. वन बीएचके. हॉलमध्ये बसलं की किचनचा ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. किचनला एकच खिडकी, तिला ग्रिल, ग्रिलला कबुतरांसाठी जाळी. म्हणजे बाहेरून कुणी हात घालेल हा प्रश्नच नाही. घरात माणसं चार: मी, नवरा संदीप, माझ्या सासूबाई — त्यांना मी आईच म्हणते — आणि आमची सई, वय महिने चार.

सई झोपायची नाही. मुळीच नाही. सलग पाऊण तास झोपली तर आम्ही एकमेकांकडे बघून खुणेने आनंद व्यक्त करायचो, कारण बोललं की उठायची. माझी रजा संपायला वीस दिवस उरले होते. डब्याच्या दुधाची बाटली सुरू केली होती, कारण मी ऑफिसला गेले की दिवसभर तिला आईच बघणार होत्या.

आईंचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं. पोरगी उपाशी आहे.

"पांढऱ्या पाण्यावर कोण झोपतं गं? माझी तिन्ही पोरं नाचणीवर वाढलीत. बाटलीत चमचाभर सत्व टाक आणि मग बघ, कशी गाढ झोपते ती."

सत्व त्यांनी घरीच केलेलं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळून, गॅलरीत वाळवून. चांगला स्टीलचा डबा भरून. इंजेक्शनच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्यादेखत डॉक्टरबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "सहा महिने दुधाशिवाय काही नाही. आणि बाटलीत घट्ट काही घालायचंच नाही, नंतरसुद्धा नाही. घशात अडकतं. पुढे द्यायचं ते चमच्याने, नीट बसवून." आईंनी तिथे मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "त्या बाईला स्वतःची पोरं किती?"

चार दिवसांनी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आतून ठसका ऐकू आला. साधा ठसका नव्हे. धावत गेले तर सईचा चेहरा लाल, मग निळसर, आवाजच फुटेना. आईंनी तिला मांडीवर पालथी घालून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा ती एकदाची रडली. आयुष्यात कुणाचं रडणं मला इतकं गोड वाटलं नव्हतं. बाटलीतलं दूध तपकिरी होतं. वरच्या निपलचं भोक चांगलं ज्वारीच्या दाण्याएवढं. घट्ट दूध उतरावं म्हणून सुई गॅसवर तापवून भोक मोठं करायचं, ही आईंच्या वेळची युक्ती.

"मीच घातलं," आई म्हणाल्या. "सईची शप्पथ, परत हात नाही लावणार."

शपथ मी ऐकून घेतली आणि डबा सील केला. फडक्यात बांधला, गाठीवर कागद चिकटवून त्यावर सही केली, लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. आईंनी हे सगळं बघितलं. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर एकच चालू होतं — या बाईच्या हातात पोर देऊन मी ऑफिसात फाईली बघू शकणार आहे का? नसेन तर नोकरी सोडायची. संदीपला विचारलं. तो म्हणाला, "तुमचं दोघींचंही बरोबर आहे," आणि टिफिन घेऊन निघून गेला.

आता ऐका.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई भाजी-मासळी आणायला बाजारात गेल्या. घरात मी आणि सई. बाटली मी उकळली, निपल नवीन, दूध मी मोजून घातलं, मी हलवलं. सईने अर्धी बाटली संपवली आणि झोपली... साडेतीन तास! मी आधी खूश झाले, मग घाबरले, मग तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. श्वास व्यवस्थित चालू होता. बाटली धुवायला घेतली तर तळाशी तपकिरी थर. वास घेतला. नाचणी. वर जायफळ.

मी कपाट उघडलं. डबा जागेवर, कागद शाबूत, सही माझीच. म्हणजे घरात दुसरा साठा आहे, मी ठरवलं. शोध सुरू केला. देव्हाऱ्यामागे, गाद्यांखाली, आईंच्या ट्रंकेत. शेवटी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून चाचपडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय सापडलं का?"

हातात बोंबलांची पिशवी घेऊन आई उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसून बोंबील साफ करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर आई बाटली घेऊन दारातच उभ्या. सईला पाजायच्या आधी त्यांनी ती उजेडात धरली होती. दूध तपकिरी.

"हे काय आहे?"

"मला काय विचारताय? तुम्ही बनवलंत ना?"

"मी पांढरं बनवलं होतं. किल्ली कुणाच्या गळ्यात आहे?" आईंचा आवाज चढला. "तुला झोप पाहिजे म्हणून तूच घालतेस, आणि मला चोर ठरवून नोकरी सोडायला मोकळी!"

तीन-चार दिवस आम्ही दोघी एकमेकींशी सईमार्फत बोलत होतो. "सई, आजीला सांग वरण झालंय." "सई, आईला म्हणावं मला भूक नाही." सई बिचारी मुठी चोखत ऐकायची.

शेवटी मी क्लेम डिपार्टमेंटच्या पद्धतीने जायचं ठरवलं. पंचनामा! समोरच्या ब्लॉकमधल्या जिग्नाबेनना पंच म्हणून बोलावलं. भरपूर उत्साह, भरपूर वेळ, आणि बिल्डिंगमधलं काही चुकवायचं नाही हा त्यांचा नेम. कागद मी आदल्या संध्याकाळीच तयार केला होता. हजर व्यक्ती, वस्तूंचा तपशील, आणि 'संशयित' — त्यापुढे आईंचं पूर्ण नाव. हो, आधीच लिहून टाकलं होतं. इतकी मला खात्री होती.

दुपारी तीनची वेळ, लख्ख उजेड. मेडिकलमधून नवी बाटली, नवं निपल, दुधाचा सीलबंद डबा. सगळं जिग्नाबेनसमोर उघडलं. पाणी त्यांनी स्वतः उकळलं. दूध पांढरंशुभ्र. झाकण लावून बाटली हॉलच्या मधोमध स्टीलच्या ताटात थंड व्हायला ठेवली आणि आम्ही तिघी भोवती मांडी घालून बसलो. हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. सई पाळण्यात टक्क जागी. पंखासुद्धा बंद केला होता.

"ऐसा लगता है जैसे पूजा में बैठे हैं," जिग्नाबेन म्हणाल्या.

"बोलू नका, बघा," आई म्हणाल्या.

दहा मिनिटं झाली असतील. कुणी उठलं नाही, कुणी हात पुढे केला नाही. माझी नजर तर बाटलीवरून हललीच नाही — आणि तरीही ते कधी झालं मी सांगू शकत नाही. आधी तळाशी जरासा रंग आला. मग तो वर चढत गेला, सावकाश, दुधात कोको ढवळावा तसा. जायफळाचा वास सुटला. जिग्नाबेननी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी पाच बोटं उमटली होती.

"शिल्पा," आई पुटपुटल्या, "मी नाही गं."

त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. परळच्या चाळीत तीस वर्षं काढलेली, कुणाला न घाबरणारी बाई माझ्याकडे बघत होती, आणि तिला भुताची भीती वाटत नव्हती. मी काय म्हणेन याची वाटत होती. मला एकदम रडू आलं.

"माहीत आहे आई," मी म्हटलं.

सईला अर्थातच ते दूध दिलं नाही. मी बाटली बेसिनमध्ये ओतायला निघाले, तर जिग्नाबेन भानावर आल्या. "अरे, फेंकना नहीं! हमारे में अनाज नहीं फेंकते." नको नको म्हणेपर्यंत त्यांनी झाकण काढून दोन घोट घेतले. "टेस्टी है. शक्कर कम है," असं म्हणून दिवाणावर टेकल्या आणि... झोपल्या. बसल्या जागी. तोंड उघडं, चष्मा नाकावर. मी त्यांना हलवलं, आईंनी हाका मारल्या, काही नाही. शेवटी मी त्यांच्याही नाकाखाली बोट धरलं. साडेसहाला त्यांचे मिस्टर शोधत आले. आम्ही काय सांगणार? "थक गई हैं," एवढंच म्हटलं. सई मात्र सगळा वेळ जागी राहून, मान वळवून, त्यांचं घोरणं मन लावून ऐकत होती.

जाग आल्यावर जिग्नाबेन म्हणाल्या, "इतनी अच्छी नींद शादी के पहले आती थी." मग पंच म्हणून सही केली. सही घेताना मी कागद दुमडून, वरचा भाग खाली दडवून धरला. आईंनीही सही केली. रात्री मी गुपचूप ते नाव खोडलं.

त्यानंतर बाटलीत नाचणी परत आली नाही. मी ठरल्या दिवशी ऑफिसला रुजू झाले. रोज दुपारी दोनला टेबलावरचा फोन वाजायचा. आई फक्त एक शब्द बोलायच्या, "पांढरं," आणि फोन ठेवायच्या. शेजारच्या टेबलावरचे साहेब बरेच दिवस समजत होते की मी कसला तरी सट्टा खेळते.

सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून कपाटातला डबा काढला. कागद तसाच, सही तशीच, गाठ तशीच. डबा आतून पार रिकामा, घासून ठेवल्यासारखा. आईंना भयंकर राग आला. "मेल्यांनो, एवढं खपून केलं होतं! निदान फडकं तरी झटकायचं!" हे त्या कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. नवं सत्व केलं, चमच्याने सईला भरवलं. तिने ते आईंच्या पदरावर थुंकून टाकलं. आजही ती नाचणीच्या वाऱ्याला उभी राहत नाही.

मी खूप डोकं चालवलं. बाटलीचं प्लास्टिक, टाकीचं पाणी, दुधाचा डबा, सगळं झालं. केमिस्ट्री शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलं, तिने माझीच झोप किती होते ते विचारलं. ठीक आहे, मी दमलेली होते. पण तेच डोळ्यांनी बघणाऱ्या जिग्नाबेन तर रोज दुपारी दोन तास झोपणाऱ्या!

आणखी एक राहिलं. मधे कपाट आवरताना तो पंचनामा आईंच्या हाती लागला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"इथे माझं नाव होतं ना?"

मी हातातल्या साडीची घडी घालत राहिले.

"मला माहीत होतं. सही करतानाच पाहिलं मी. दुमडलास तरी उजेडात अक्षरं दिसतात गं."

"मग सही का केलीत?"

"तुझ्या ऑफिसात कागद पुरा असल्याशिवाय कुणाचं खरं धरत नाहीत ना," त्या म्हणाल्या. "म्हणून केली."

तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'संशयित' या शब्दापुढे एक खोडलेलं नाव आहे, आणि त्याच्या पुढच्या कोऱ्या जागेत काय लिहायचं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही.