नेलिदाबाई आणि माझी कोमट भिंत

नेलिदा वार्काया या बाईंबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण मला त्यांच्याविषयी फारसं काही माहीत नाही. भेट तीनदाच झाली. मुलं होती की नाही, नवरा कुठे होता, हे विचारायचं राहूनच गेलं. मला तसंही कुणाला काही विचारायला जमत नाही. पण माझ्या खोलीतली एक भिंत बघितली की त्या आठवतात, आणि भिंत तर रोजच दिसते.

मी पेरू देशात, लिमा शहराच्या ब्रेन्या भागात राहतो, विल्फ्रेडोच्या कोंबडीच्या हॉटेलाच्या वरच्या खोलीत. तो खाली हॉटेलमालक, वर माझा घरमालक. त्याच्या भट्टीत दिवसभर कोळशावर कोंबड्या फिरत असतात. भट्टीचं धुराडं माझ्या भिंतीच्या आतून गच्चीवर जातं, त्यामुळे ती भिंत कायम कोमट असते. जुलैच्या थंडीत इथे ऊन दिसत नाही, अंथरूणसुद्धा ओलसर लागतं. तेव्हा ती भिंत म्हणजे माझी चैन होती. पलंग तिला चिकटवून ठेवला होता. गुडघे तिकडे करून झोपायचो. मोजे तिथेच वाळायचे.

त्या जुलैत पालिकेची नोटीस आली. धुराडं साफ केल्याचा दाखला दाखवा, नाहीतर हॉटेल बंद. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमच्याकडे कोंबडीचा सण असतो, सगळं शहर रांगा लावून कोंबडी खातं. दाखला त्याआधी हवा होता. विल्फ्रेडोने धुराडी साफ करणाऱ्या तिघांना कोटेशन द्यायला बोलावलं.

दुपारची गर्दी ओसरल्यावर ते एकेक करून आले. मी कोपऱ्यात सूप पीत बसलो होतो. पहिल्याने मोबाइलचा उजेड भट्टीवरच्या, धूर ओढणाऱ्या हूडमध्ये मारला, मान हलवली आणि आकडा सांगितला. दुसरा पिवळ्या टोपीचा होता. त्याने हूडकडे बघताना विल्फ्रेडोच्या ताटलीतले फ्राइज संपवले आणि त्याहून कमी आकडा सांगितला.

तिसऱ्या नेलिदाबाई. पन्नाशीच्या, बुटक्या, केस रुमालात घट्ट बांधलेले. त्या खांद्यापर्यंत हूडमध्ये शिरल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वर कोण राहतं?"

"हे काय, आमचे काका," विल्फ्रेडोने माझ्याकडे बोट दाखवलं. "गरीब आहेत, धूर करत नाहीत."

"त्यांची खोली बघायचीय."

"बाई, कोटेशन भट्टीचं मागितलंय. घराचं नाही."

"धुराडं घरातूनच जातं ना, मालक? का रस्त्याने फिरून गच्चीवर पोचतं?"

गल्ल्यावरची मुलगी फिसकन हसली. विल्फ्रेडोने हात झटकला. मी त्यांना वर घेऊन गेलो.

पलंग विस्कटलेला होता, मला लाज वाटली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी भिंतीला आधी तळहात लावला, मग कोपरापर्यंत हात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत ठोकत ठोकत त्या वरून खाली आल्या. वर आवाज पोकळ येत होता. माझ्या उशीपाशी तो बसका झाला.

"इथे धुराडं आडवं वळतं," त्या म्हणाल्या. "चरबी अशाच वळणात बसते. हे कुणी कधी उघडलंय?"

"माझ्या देखत तरी नाही."

"आणि तुम्ही इथे डोकं ठेवून झोपता?"

"ऊब येते."

"काका, धुराड्याला वरून काही गुंडाळलेलंच नाही, म्हणून ऊब येते. आत ठिणगी गेली आणि चरबी पेटली, तर ही भिंत म्हणजे कागद." मग जरा नरम आवाजात म्हणाल्या, "मोजे तरी काढा इथून."

भिंत फोडून धुराड्याला उघडता येणारं झाकण बसवायचं, आतली चरबी खरवडायची, धुराड्याला जाड वेष्टन घालायचं, असं त्यांनी समजावलं. मी विचारलं, "मग भिंत गार पडेल?"

"पडेल. आणि तुम्ही मला शिव्या द्याल."

"छे हो."

"देतात. एका आचाऱ्याने तर तोंडावर सांगितलं, बाई, तुम्ही धुराड्याबरोबर कोंबडीची चवसुद्धा खरवडून नेलीत."

खाली येऊन त्यांनी एकच दर सांगितला, सगळ्याचा मिळून. तो बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त होता.

"मला वरचं नकोय," विल्फ्रेडो म्हणाला. "दिसतं तेवढं करा. दाखला काय, दोन्हीला सारखाच मिळतो."

"म्हणून तर. त्यावर धुराडं साफ केलं असं लिहायचं आणि खाली सही माझी. अर्धं केलं असं लिहून चालेल का तुमच्या इन्स्पेक्टरला?"

"सणाच्या आठवड्यात भिंत फोडू? गिऱ्हाईक कोंबडी खाईल का चुना?"

त्या टॉर्च टेबलावर विसरल्या. मी तो घेऊन बाहेर गेलो. त्यांची जुनी व्हॅन फुटपाथला लावलेली होती, मागे शिड्या आणि पिंपं. त्या दारात पाय खाली सोडून बसल्या होत्या.

"हे काम मिळालं तर गाडी राहील," त्या म्हणाल्या. "नाहीतर शनिवारी गिऱ्हाईक येतंय तिला बघायला. आणि गाडी गेली की धंदाच गेला."

मी म्हणालो, "मग थोडं कमी सांगा की."

"वरचं सोडून कमी सांगता येतं. तुमची खोली बघितली नसती तर सांगितलंही असतं कदाचित." त्या हसल्या, पण नीट नाही. "माझीच चूक. जिना चढायलाच नको होता."

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. दर बराच उतरवला होता, वरचं काम मात्र सोडलं नव्हतं. विल्फ्रेडोने काम आधीच पिवळ्या टोपीवाल्याला देऊन टाकलं होतं. बाईंनी मला लांबूनच मान हलवून नमस्कार केला आणि गेल्या. रविवारी हूड आरशासारखा चमकत होता, दारावर दाखला चिकटवलेला होता, आणि रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती.

पुढे उन्हाळ्यात, जिथे माझी उशी असायची त्याच जागी, भिंतीवर तळव्याएवढा तेलकट पिवळा डाग उमटला. विल्फ्रेडोने त्यावर रंग मारून घेतला. डाग परत आला.

"ओल आहे, काका."

"ओलीला कोंबडीचा वास येत नाही," मी म्हणालो. त्याच्याशी इतकं तिखट मी कधी बोललो नव्हतो.

"मग दुसरी खोली बघा," तो म्हणाला. या भाड्यात दुसरी खोली मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. त्याने पुन्हा रंग मारला.

गेल्या जुलैत पिवळ्या टोपीवाला परत आला, तेव्हा फ्राइज खाता खाता म्हणाला, "ती नेलिदा वारली म्हणे, तिकडे वाचो गावात, बहिणीकडे. फुप्फुसं. बाई चांगली होती, पण धंदा जमला नाही तिला." मी सूप बाजूला सरकवलं. त्या जिना चढल्या नसत्या तर, असं मनात येतं. पण मग ती उशीची जागाही डोळ्यांपुढे येते.

त्यांची शेवटची भेट झाली होती ती त्याच पहिल्या जुलैत, सणानंतरच्या सोमवारी. त्या बसने आल्या होत्या, हात मोकळे. गाडी विकल्याचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खाली कुणाशी न बोलता सरळ वर आल्या.

"चला, पलंग हलवूया," त्या म्हणाल्या. "तिकडे, खिडकीच्या बाजूला."

"तिकडे थंडी वाजते हो."

"दोन मोजे घाला. एकावर एक."

आम्ही दोघांनी मिळून पलंग ढकलला. त्याचे पाय फरशीवर कर्र करत सरकले. त्या खोकत गादीवर टेकल्या. मी जवसाचा गरम काढा दिला, तो त्यांनी उठून उभ्यानेच संपवला. निघताना कोमट भिंतीला एकदा हात लावला. बाहेर जाऊन दार ओढलं, ते लागेना.

"अडकतंय का हे?"

"जरा उचलून ओढावं लागतं."

त्यांनी उचलून ओढलं. कडी बसली.

"असं?" पलीकडून आवाज आला.

"हो, असंच," मी म्हणालो.