शवासनातला नामदेव

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. अकोल्याच्या माझ्या योगवर्गात नवी सतरंजी अंथरली की तिच्या कच्च्या रंगाचा वास येतो आणि शवासन सांगताना माझा आवाज अडखळतो.

साठ सालच्या आसपास मी अमरावतीला योगशिक्षक व्हायला शिकत होतो. मी अबोल. वसतिगृहाच्या माझ्या खोलीतला मूर्तिजापूरकडचा नामदेव तेवढा माझ्याशी बोलायचा. परीक्षेत मला त्याच्याकडून शवासन करून घ्यायचं होतं. नव्या सतरंजीवर आडवा होत तो पुटपुटला, "सांग गा मास्तर, मी मुडदा व्हाले तयार आहो."

पाय सैल, पोट सैल, असं सांगत मी कपाळापर्यंत आलो. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून कानात उतरत होतं. आधी माणसाची झोप विचारा, भूक विचारा, मन विचारा, आसन मागून, हेच गुरुजींनी आम्हाला शिकवलं होतं. पण गुरुजी गुण द्यायला माझ्या पाठीमागे उभे होते. मी थांबलो नाही. उलट आवाज आणखी मऊ केला.

"छान," गुरुजी म्हणाले आणि पुढे गेले.

नामदेवनं सदऱ्यानं कान पुसले. "लय गोड बोलतं गा तू," एवढंच म्हणाला. मी नुसता हसलो.

दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती, पण त्याच संध्याकाळी तो वळकटी घेऊन निघून गेला. का, ते कुणालाच कळलं नाही. पुढे त्या खोलीत माझ्याशी बोलणारं कोणी उरलं नाही.

"काहून रडून राहिला गा?" एवढा एक प्रश्न मी अजून त्याला देणं लागतो.